सरकारी पैशातून प्रयोगशाळा उभारताना : विज्ञान विभाग आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांचे विभाग आणि अनुदानित-विनाअनुदानित महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. आयआयटी, आयसरवाल्यांची फाईल वेगळ्या वाटेनं जाते. योजनांचे आकडे आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

यंत्रसामग्रीसाठी नक्की पैसे देतं तरी कोण?

बहुतेक वेळा केंद्र सरकार. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग (डीएसटी), जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी), अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान (एएनआरएफ) आणि शिक्षण मंत्रालय ही मुख्य दारं. संगणकीय आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामांसाठी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयही आहे. राज्य सरकारचा बहुतेक पैसा पगारात जातो. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगासारख्या मार्गानं राज्याकडूनही विद्यापीठांना प्रकल्प मिळालेले आहेत, पण त्यावर विभाग उभा राहत नाही.

२०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. त्यातला ४३.७ टक्के केंद्राचा, ३६.४ टक्के खासगी उद्योगांचा, उच्च शिक्षण संस्थांचा ८.८ आणि सगळ्या राज्यांचा मिळून ६.७ टक्के. दिल्लीचे खेटे का घालावे लागतात, ते या शेवटच्या आकड्यावरून कळेल.

प्रकल्पाचा पैसा आणि विभागाचा पैसा यांत फरक काय?

प्रकल्प एका प्राध्यापकाच्या नावावर येतो, मुदत सहसा तीन वर्षं, आणि यंत्र त्याच्या संशोधनासाठी असतं. पूर्वी हे काम सर्ब (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) करायचं, आता एएनआरएफ करतं. पायाभूत सुविधांचा निधी संपूर्ण विभागाला किंवा विद्यापीठाला मिळतो. त्यातून आलेलं यंत्र सगळ्यांचं असतं. कागदावर तरी. हा फरक मंजुरीच्या दिवशीच विभागाच्या बैठकीत वाचून दाखवावा आणि कार्यवृत्तात नोंदवावा. पुढे चावी कोणाकडे राहणार यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले विभाग आहेत.

फिस्ट म्हणजे काय? आम्ही अर्ज करू शकतो का?

डीएसटीची ही योजना २००० साली सुरू झाली. विद्यापीठांतले पदव्युत्तर विभाग आणि पदव्युत्तर महाविद्यालयं यांना पाच वर्षांसाठी यंत्रं, संगणन, जोडणी आणि थोडीफार देखभाल यासाठी ती मदत करते. अर्ज ऑनलाइन करायचा. वरच्या फळीत आलेल्या विभागांना विषय समितीपुढे सादरीकरणासाठी बोलावतात. २०२० नंतर योजनेचा रोख थोडा बदलला आणि आपल्या सुविधा नवउद्योग व कारखान्यांनाही खुल्या कराव्यात, ही अपेक्षा जोडली गेली.

महाविद्यालय आणि विद्यापीठ विभाग यांच्यासाठी वेगवेगळे स्तर आहेत आणि प्रत्येकाची कमाल रक्कम वेगळी. खासगी संस्थांना स्वतःचा वाटा घालावा लागतो. समिती सगळ्यात आधी पाहते ते कायम शिक्षकांची संख्या. इथेच आपल्याकडच्या कित्येक विभागांची विकेट जाते, कारण मंजूर पदांपैकी अर्धी रिकामी आणि काम तासिका तत्त्वावर चाललेलं. वर्षानुवर्षं भरती न करता 'संशोधन वाढवा' म्हणणाऱ्यांनी एकदा या समितीपुढे बसावं.

आणि पर्स?

तीही डीएसटीचीच, २००९ पासूनची. पर्ससाठी विद्यापीठाच्या प्रकाशित संशोधनाचा दर्जा मोजतात. अर्ज विद्यापीठ करतं, विभाग नाही. तुमच्या विद्यापीठाचे शोधनिबंध बरे असतील, तर कुलगुरू कार्यालयात चौकशी करा.

आमचं महाविद्यालय फक्त पदवीपर्यंतचं आहे. आमच्यासाठी काही आहे?

डीबीटीची स्टार कॉलेज योजना पाहा. २००८ पासून ती पदवीच्या विज्ञान विभागांना प्रात्यक्षिकं सुधारण्यासाठी मदत करते. सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, वर्णपटमापी, रसायनं, शिक्षकांचं प्रशिक्षण, विद्यार्थ्यांचे छोटे प्रकल्प असं तिचं स्वरूप आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयानं फिस्टच्या मागे धावण्याआधी ही योजना घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोट्यवधीचं एक यंत्र कुलूपबंद खोलीत ठेवण्यापेक्षा बी.एस्सी.च्या वर्गात दर दोन मुलांमागे एक चालू सूक्ष्मदर्शक असणं जास्त मोलाचं आहे.

'१२-ब' ही काय भानगड आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात कलम २(फ) आणि कलम १२-ब आहे. २(फ) मध्ये नाव आलं म्हणजे संस्थेला मान्यता. १२-ब मध्ये आलं म्हणजे ती केंद्रीय निधी घेण्यास पात्र. अनेक महाविद्यालयांना २(फ) असतं, पण १२-ब नसतं आणि हे अर्ज भरताना लक्षात येतं. कार्यालयातलं पत्र काढून आजच पाहा.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना कुठून निधी मिळतो?

जुन्या प्रयोगशाळांच्या आधुनिकीकरणासाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मॉडरॉब योजना होती आणि तिचे वेगवेगळे अवतार येत राहिले. २०२१ पासून आयडिया लॅब आहे. त्यात थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, इलेक्ट्रॉनिक्सची टेबलं अशी सर्व शाखांसाठीची सामायिक कार्यशाळा उभी राहते आणि संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागतो.

जागतिक बँकेच्या साहाय्यानं चाललेला टेक्विप कार्यक्रम तीन टप्प्यांनंतर २०२१ मध्ये संपला. महाराष्ट्रातल्या अनेक शासकीय आणि अनुदानित संस्थांनी आजची यंत्रं त्यातूनच घेतलेली आहेत. त्या धर्तीचा 'मेरिट' हा नवा कार्यक्रम केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. १७५ अभियांत्रिकी संस्था आणि १०० तंत्रनिकेतनं, पाच वर्षांत ४,२०० कोटी रुपये, त्यातले २,१०० कोटी जागतिक बँकेचं कर्ज. तो शासकीय आणि शासन-अनुदानित संस्थांसाठी आहे. विनाअनुदानित संस्थांनी त्यावर आशा ठेवू नये.

पीएम-उषामधून यंत्रं घेता येतात का?

येतात, पण आधी इमारतीच दिसतात. राज्यांतल्या उच्च शिक्षणासाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या रुसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) या केंद्रीय योजनेचं हे नवं रूप. २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटींची तरतूद झाली. निवडक ३५ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी, काही विद्यापीठांना २० कोटींपर्यंत, महाविद्यालयांना ५ कोटींपर्यंत, अशी रचना होती. आपल्यासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्याचा वाटा वेळेवर आला नाही की केंद्राचा पुढचा हप्ता अडतो आणि कंत्राटदाराचं काम अर्ध्यावर थांबतं. प्रस्तावात बांधकाम, नूतनीकरण आणि उपकरणं असे वेगळे भाग असतात. उपकरणांच्या भागासाठी विज्ञान विभागानं सुरुवातीलाच भांडावं, नाहीतर सगळं सभागृहाच्या खुर्च्यांत जातं.

बातम्यांत ५०,००० कोटी, एक लाख कोटी असे आकडे येतात. त्यातलं आमच्यापर्यंत काय येणार?

हे दोन वेगळे आकडे आहेत. एएनआरएफचा कायदा २०२३ चा. त्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज मांडला गेला, पण त्यातला मोठा भाग उद्योग आणि इतर बिगरसरकारी स्रोतांतून यायचा होता. एक लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना जुलै २०२५ मध्ये मंजूर झाली. ती मुख्यतः खासगी क्षेत्राला कमी व्याजाचं दीर्घ मुदतीचं भांडवल पुरवण्यासाठी आहे. तुमच्या भौतिकशास्त्र विभागाला त्यातून क्ष-किरण विवर्तनमापी मिळणार नाही.

राज्य विद्यापीठांनी एएनआरएफच्या 'पेअर' कार्यक्रमाकडे लक्ष ठेवावं. त्यात एक मोठी संस्था केंद्रस्थानी आणि तिला जोडलेली विद्यापीठं आऱ्यांसारखी, अशी मांडणी आहे. मोठ्या संस्थेच्या सावलीत नुसते नावापुरते राहणार नाही, एवढं करारातच ठरवून घ्या.

यंत्र स्वतः घ्यायलाच हवं का?

आम्हाला सगळ्यात कमी वेळा विचारला जाणारा हा प्रश्न आहे, म्हणून तो यादीत मुद्दाम घातला. वर्षाला दीडशे नमुने तपासायचे असतील, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विकत घेण्यात अर्थ नाही. बाहेर काय उपलब्ध आहे ते आधी पाहा.

डीएसटीच्या सैफ या विश्लेषण सुविधा १९७० च्या दशकापासून चालू आहेत. जुनी मंडळी अजून त्यांना 'आरएसआयसी' म्हणतात. महाराष्ट्रात आयआयटी मुंबई आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथे त्या आहेत. शुल्क भरून कोणीही नमुना पाठवू शकतो आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला उद्योगापेक्षा कमी दर लागतो. लातूरचा विद्यार्थीही कुपीत पूड भरून पाठवू शकतो. फक्त कुपीवरचा क्रमांक आणि अर्जावरचा क्रमांक एकच असावा, मार्गदर्शकाची सही असावी आणि नमुना विषारी, स्फोटक, चुंबकीय आहे का ते खरं लिहावं. चुंबकीय पूड न सांगता सूक्ष्मदर्शकात गेली तर आतल्या भिंगाला चिकटते आणि मग यंत्र सगळ्यांसाठीच बंद.

जानेवारी २०२० मध्ये बंगळुरूच्या विज्ञान काँग्रेसमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेलं आय-स्टेम हे संकेतस्थळ देशभरातली यंत्रं शोधून वेळ आरक्षित करण्यासाठी आहे. नॅनोइलेक्ट्रॉनिक्ससाठी आयआयटी मुंबईसारख्या संस्थांच्या स्वच्छ कक्षात काम करायचं असेल तर आयएनयूपी कार्यक्रम आहे. निवड झाली तर बाहेरच्या संशोधकाला तिथे शुल्क नाही. महासंगणक हवा असेल तर राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' बसवलेला आहे.

त्याहून जुनी आणि माझ्या मते देशातली सगळ्यात शहाणपणाची व्यवस्था म्हणजे आंतरविद्यापीठ केंद्रं. एखाद्या विद्यापीठाला कण त्वरक परवडत नाही, म्हणून दिल्लीत १९८४ साली एक केंद्र काढलं आणि ते सगळ्या विद्यापीठांचं केलं. खगोलशास्त्रासाठी १९८८ मध्ये पुण्यात आयुका आलं. इंदूर, मुंबई आणि कोलकात्याला केंद्रं असलेल्या यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग) संघामार्फत विद्यापीठातल्या माणसाला ट्रॉम्ब्याच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन आणि इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण वापरता येतात. प्रस्ताव मान्य झाला तर यंत्राचा वेळ मिळतो, कित्येकदा प्रवासखर्चही मिळतो. आपल्याकडून अर्ज कमी जातात. का जातात, हे विभागप्रमुखांनी स्वतःला विचारावं.

प्रस्ताव कुठे फसतो?

यंत्रांच्या यादीत. विभागातल्या आठ जणांनी आठ यंत्रं सुचवली की प्रस्ताव मंगल कार्यालयातल्या जेवणासारखा होतो, सगळं थोडं थोडं आणि मुख्य काय ते कळत नाही. समितीतला माणूस दोन गोष्टी शोधतो : या विभागाची दिशा काय आणि हे यंत्र नसल्यामुळे आज नेमकं काय अडलंय. दुसऱ्याचं उत्तर पुराव्यानं द्या. मागच्या तीन वर्षांत किती नमुने बाहेर पाठवले, किती खर्च झाला, निकाल यायला किती आठवडे लागले, याची नोंद असेल तर ती एका तक्त्यात लावा. पानभर विशेषणांपेक्षा तो तक्ता जड पडतो.

पन्नास किलोमीटरच्या आत तेच यंत्र असेल तर ते लपवू नका. समितीतल्या कोणाला तरी ते माहीत असतंच. 'तिथे रांग चार महिन्यांची आहे' हे लिहून दाखवा.

कोटेशनमध्ये फक्त मूळ यंत्राची किंमत घेऊ नका. चिलर, यूपीएस, कॉम्प्रेसर, नमुना तयार करण्याची साधनं, सॉफ्टवेअरचा परवाना, पाच वर्षांचा देखभाल करार हे सगळं धरून आकडा काढा. रुपया घसरण्याची तरतूद ठेवा. प्रस्ताव लिहिल्यापासून यंत्राची ऑर्डर जाईपर्यंत दोन वर्षंही जाऊ शकतात आणि परदेशी यंत्राची किंमत डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असते.

जागेची तयारी कधी करायची?

मंजुरीपत्र येण्याआधी. निर्मात्याकडून 'जागापूर्व आवश्यकता' मागवा आणि विद्यापीठ अभियंत्याला घेऊन खोली पाहा. तळमजला हवा, कारण वजन आणि कंपनं. शेजारी लिफ्ट, जनित्र किंवा बसचा थांबा नको. अर्थिंग वेगळं हवं. पावसाळ्यात कोकणातली दमट हवा आणि उन्हाळ्यात विदर्भातलं तापमान वातानुकूलन यंत्रणेला झेपतं का, ते पाहा. आणि दार मोजा. खोका ट्रकमधून उतरल्यावर चौकट फोडावी लागल्याची उदाहरणं प्रत्येक विद्यापीठात ऐकायला मिळतात.

खरेदी जेमवरूनच करायची का?

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांनुसार (जीएफआर) जेमवर, म्हणजे सरकारी ई-बाजारपेठेत, मिळणारी वस्तू तिथूनच घ्यायची. संशोधनाच्या उपकरणांसाठी हा नियम डोकेदुखी ठरत होता, कारण सगळ्यात स्वस्त पंप हा चालणारा पंप असतोच असं नाही. जून २०२५ मध्ये केंद्रानं वैज्ञानिक खरेदीसाठी सवलती दिल्या. संस्थाप्रमुख आणि कुलगुरूंना जेमबाहेर खरेदीचा अधिकार मिळाला, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची कमाल मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर. २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेलाही ते मान्यता देऊ शकतात.

पण राज्य विद्यापीठाला स्वतःचा कायदा, खरेदी समिती आणि राज्याचे शासन निर्णयही असतात. तुमच्या मंजुरी आदेशाला कोणता नियम लागतो, हे वित्त व लेखा अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल' लेखापरीक्षणात चालत नाही. एकाच कंपनीचं यंत्र हवं असेल तर ते का, याची तांत्रिक कारणं आणि निर्मात्याचं प्रोप्रायटरी प्रमाणपत्र फाईलला लावा.

जीएसटीत सूट आहे ना?

होती. संशोधन संस्थांना उपकरणांवर ५ टक्के दर लागायचा. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि सर्वसाधारण दर, म्हणजे बहुतेक यंत्रांवर १८ टक्के, लागू झाला. जुन्या प्रस्तावाची नक्कल करून नवा लिहिणाऱ्यांचा आकडा इथेच चुकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं दिलेली सूट संशोधन अनुदानांवरच्या करापुरती आहे, यंत्रांच्या किमतीवर नाही.

पैसे आले, पण वापरायला वेळ मिळाला नाही. काय होतं?

आता बऱ्याच केंद्रीय योजनांत पैसे विद्यापीठाच्या बचत खात्यात पडून राहत नाहीत. शून्य शिलकीच्या खात्यावर खर्चाची मर्यादा मिळते आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. म्हणून फेब्रुवारीत निविदा काढू नका. पैसे खात्यात आले असतील आणि त्यावर व्याज मिळालं असेल, तर ते सरकारचं. ते भारतकोश या केंद्राच्या ऑनलाइन भरणा संकेतस्थळामार्फत परत भरायचं असतं.

पुढच्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र लागतं, नमुना जीएफआर १२-अ. त्यावर प्रमुख संशोधक, वित्त अधिकारी आणि कुलसचिव यांच्या सह्या आणि खर्चाचं विवरण. सही करणारे तिघे एकाच दिवशी जागेवर सापडणं ही एक वेगळीच साधना आहे. एका जुन्या प्रकल्पाचं प्रमाणपत्र राहिलं म्हणून संपूर्ण विद्यापीठाचा नवा निधी अडू शकतो. तेव्हा निवृत्त होऊन गेलेल्या सहकाऱ्याची अर्धवट फाईलही तुमचीच समजा.

यंत्र चालवायला माणूस कोण देणार?

पायाभूत सुविधांच्या योजना यंत्र देतात, पण ते चालवणाऱ्या माणसाच्या कायम पगाराची सोय त्यात नसते. विद्यापीठात तंत्रज्ञाचं नवं पद निर्माण करणं म्हणजे मंत्रालयापर्यंतचा प्रवास. मग होतं काय, तर एक पीएच.डी.चा विद्यार्थी कंपनीच्या अभियंत्याकडून यंत्र शिकतो आणि तीन-चार वर्षं सगळ्या विभागाचे नमुने तोच करतो. त्याचा प्रबंध झाला की तो जातो. त्याच्यानंतर यंत्रावर कापड पडतं.

एनएमआरचं (रेणूंची रचना शोधणाऱ्या चुंबकीय अनुनाद यंत्राचं) उदाहरण घ्या. त्याचा अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये बुडालेला असतो. यंत्र वापरा किंवा नका वापरू, हेलियम उडत राहतो आणि ठरावीक महिन्यांनी भरावाच लागतो. तो आयात होतो, भाव वर-खाली होतो. देयक लेखा विभागात अडकलं आणि पातळी मर्यादेखाली गेली, तर चुंबक आपली अतिवाहकता गमावतो, उरलेला हेलियम काही मिनिटांत वायू होऊन बाहेर पडतो. पुन्हा उभा करायचा खर्च मोठा, आणि तो कोणत्याही योजनेच्या शीर्षात बसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं तसंच. त्याची निर्वात यंत्रणा चोवीस तास विजेवर असते आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात. बॅटरी ही 'किरकोळ खरेदी' आहे म्हणून फाईल फिरत राहते आणि तिच्यावर कोट्यवधींचं यंत्र लटकलेलं असतं.

उपाय मंजुरीआधीच करायचे असतात. व्यवस्थापन परिषदेकडून ठराव घ्या : अनुदानाची मुदत संपल्यावर देखभाल करार आणि एका तंत्रज्ञाचं मानधन विद्यापीठ स्वनिधीतून देईल. हमीपत्रावर कुलसचिवांची सही सगळेच घेतात, पण अर्थसंकल्पात वेगळं शीर्ष उघडलेलं नसेल तर त्या सहीला अर्थ नाही. सर्वसमावेशक देखभाल करार यंत्राच्या निविदेतच सहाव्या ते दहाव्या वर्षासाठी मागवा. नंतर कंपनी म्हणेल तो भाव.

बाहेरच्यांकडून शुल्क घेता येतं का?

घ्यायलाच हवं. डीएसटीची २०२२ ची श्रीमान मार्गदर्शक तत्त्वं सुविधा वाटून वापरण्यावरच भर देतात. स्वतःचे विद्यार्थी, इतर शिक्षणसंस्था आणि उद्योग असे तीन दर ठेवा. उद्योगांकडून घेतलेल्या चाचणी शुल्कावर जीएसटी लागतो, तो दरपत्रकात वेगळा दाखवा. कळीचा मुद्दा असा की हे शुल्क विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत बुडता कामा नये. यंत्राच्या नावानं वेगळं खातं आणि ठरावीक रकमेपर्यंत विभागप्रमुखाला खर्चाचा अधिकार, एवढं मिळालं तर बॅटरीची फाईल फिरणार नाही.

समन्वयकाची निवृत्ती दोन वर्षांवर आहे. त्यांच्या नावानं अर्ज करावा का?

करू नका. पाच वर्षं हाताशी असणाऱ्या सहकाऱ्याला समन्वयक करा, ज्येष्ठांना मार्गदर्शक म्हणून घ्या. ज्येष्ठ नाराज होतील, ते सांभाळून घ्या.

जुनं, बंद यंत्र काढून टाकता येतं का?

सरकारी अनुदानातून घेतलेली मालमत्ता निधी देणाऱ्या विभागाच्या परवानगीशिवाय विकता किंवा मोडीत काढता येत नाही. आधी मंजुरी आदेश पाहा, प्रकल्प संपताना यंत्र संस्थेच्या नावे केल्याचं पत्र आलं होतं का ते शोधा. मग निर्लेखन समिती, डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद, कंपनीचं 'दुरुस्तीयोग्य नाही' असं पत्र, आणि शेवटी ई-कचरा घेणारा अधिकृत संकलक. समिती येण्याआधी आसपासच्या महाविद्यालयांना एक पत्र टाका. तेच जुनं मॉडेल कुठेतरी अजून चालू असतं आणि त्यांना एखादा निर्वात पंप किंवा मंडलपट्टी (सर्किट बोर्ड) हवी असते, जी आता कंपनीकडेही मिळत नाही.